गावाकडे गिअरवाली गाडी : वापरून सांगतो

आधीच सांगून टाकतो, गाडीचं अन् कंपनीचं नाव इथं टाकणार नाही. लपवायचं काही नाही, पण नाव टाकलं की लोक त्याच गाडीवर भांडत बसतात, पत्रा पातळ आहे का, रिसेल काय मिळते, शोरूमवाले कसे आहेत, अन् मला बोलायचं आहे ते फक्त क्लच अन् गिअरवर. एवढं समजून घ्या की छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे, 1197 सीसी, पाच गिअर, सेकंडहँड घेतलेली, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या आमच्या खेड्यात राहते अन् बाराही महिने चालते. परतवाडा, दर्यापूर, अमरावती, कधी शेगाव, अन् बाकी वेळ वावर.

घेतेवेळी गाडीवाल्याकडे त्याच मॉडेलच्या दोन उभ्या होत्या, एक मॅन्युअल, एक एएमटी, रंगसुद्धा सेम. एएमटीचे चाळीस-पन्नास हजार जास्त सांगत होता, नवीन गाडीतही फरक जवळपास तेवढाच असतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एएमटी म्हणजे आतून काही वेगळी मशीन नसते, गिअरबॉक्स तोच, क्लच प्लेटपण तीच, फक्त क्लच दाबणं अन् गिअर टाकणं हे काम तुमच्या हातापायाऐवजी मोटर नाहीतर हायड्रॉलिक पंप करतो अन् केव्हा टाकायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. आपल्याकडं स्वस्त गाडीत हे 2014 ला मारुतीच्या सेलेरिओत आलं अन् मग सगळ्यांनीच आणलं. मी मॅन्युअल उचलली. बाबांनी सांगितलं, "बरं केलं. तो कॉम्प्युटर काय वावरात येऊन पायते का, चिखल किती हाय ते?"

बाबांचं बोलणं तेव्हा हसण्यावारी नेलं होतं, पण अख्ख्या रिव्ह्यूचा मुद्दा तोच आहे बघा. रस्ता तुम्हाला समोर दिसतो, गाडीला तो चाकाखाली आल्यावरच समजतो. ज्या रस्त्यावर दर शंभर मीटरला काहीतरी बदलते तिथं गिअर आपल्या हातात असलेला बरा. जिथं काहीच बदलत नाही तिथं काही फरक पडत नाही.

जाहिरातीत टॉप स्पीड सांगतात, शून्य ते शंभर किती सेकंदात ते सांगतात. आमच्याकडं गाडी तिसऱ्या गिअरवर जगते. आमच्या खालच्या बाजूला दर्यापूर, अकोटकडं सगळा पूर्णेचा खारपाणपट्टा, खाली नुसती काळी माती, पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मग वरचा रस्ता डांबरी असो का सिमेंटचा, खालून माती हलली की तो लाटा मारणारच. अशा रोडवर तीस ते पन्नास हीच खरी स्पीड. चौथा टाकला की समोर बंडी निघते, बंडी गेली की बकऱ्या, बकऱ्या गेल्या की कोणाच्या तरी घरासमोर स्वतःच टाकलेला ब्रेकर. तिसऱ्यात गाडी पंचवीसला आली तरी कुरकुरत नाही अन् साठपर्यंत नेली तरी ओरडत नाही, चाळीसला आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, दोन हजारांच्या आसपास राहते, पाय नुसता हलका-जड करत जायचं. माझ्या गाडीचा तिसरा गिअर लोण्यासारखा पडतो. पहिला मात्र सकाळी थंड गाडीत अडते, एकदा क्लच सोडून परत दाबला की जाते. दुसऱ्याबद्दल खाली सांगतो.

तिसऱ्याचा खरा उपयोग कापसाच्या दिवसांत. नोव्हेंबरपासून जिनिंगकडं जाणाऱ्या ट्रॉल्या, कापूस ट्रॉलीच्या बाहेर दोन्हीकडून हात-हात भर आलेला, मागं लाईट नाही, ट्रॅक्टरवाल्याच्या कानात गाणे. रस्ता एवढासा की तुमची डावी नाहीतर उजवी चाकं साईडपट्टीवर उतरलीच पाहिजेत, अन् साईडपट्टी म्हणजे काय ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको, डांबर संपते तिथं वितभर खाली खड्डा. इथं ओव्हरटेक म्हणजे हिशोब असते. समोर मोकळं दिसलं की चौथ्यातून तिसरा हाणायचा, चार हजारांपर्यंत ओढायचं अन् सरळ बाहेर. गाडी तेव्हाच्या तेव्हा उत्तर देते. आमच्या भाऊजींची एएमटी आहे, ती वाईट नाही, पण अशा वेळी पाय दाबला की ती आधी विचार करते, गिअर काढते, मग टाकते, मग निघते, अन् तेवढ्यात समोरच्या वळणावरून एसटी येते. त्यातही मॅन्युअल मोड असते, दांडा मागंपुढं करून गिअर बदलता येते हे मान्य, पण भाऊजींनी तो मोड कधी वापरलेला मी पाहिला नाही अन् बहुतेक लोक वापरत नाहीत.

रात्रीचं वेगळं. रात्री रोही, म्हणजे नीलगाय. दोन-अडीच क्विंटलचं जनावर तुरीतून उडी मारून थेट रोडवर, एक गेला म्हणून पाय उचलला की मागून दुसरा. नवीन शिकणाऱ्यांची एक सवय असते, दचकले की आधी क्लच दाबतात, कारण गाडी बंद पडू नये ही भीती शिकतानाच डोक्यात बसलेली असते. क्लच दाबला की इंजिनाची रोक गेली, गाडी मोकळी सुटते. आधी ब्रेक, पूर्ण ब्रेक, क्लच मागून, अन् गाडी बंद पडली तर पडू द्या, रोडवर बंद पडलेली गाडी परत चालू होते.

आता पांदण, म्हणजे वावराकडं जाणारी कच्ची वाट. जुलै-ऑगस्टमध्ये वावरात कार नेऊ नये हे सगळ्यांना माहीत आहे अन् सगळे नेतात, कारण खताच्या दोन बॅगा, फवारणीचा पंप अन् आई एवढं सगळं बाईकवर बसत नाही. काळ्या मातीत पहिला गिअर टाकून रेस दिली की पुढची चाकं जागच्या जागी फिरतात, खोलात जातात, संपला विषय. तिथं दुसरा टाकायचा, क्लच हळू, रेस जवळजवळ नाहीच, दुसऱ्यात चाकाला जोर कमी मिळतो म्हणून ते घसरत नाही अन् गाडी रांगत निघते. निघाली की मग थांबायचं नाही, गिअर बदलायचा नाही, कोणी हात केला तरी थांबायचं नाही, तो काकाजी नंतर रुसला तर रुसला. अन् फसलीच तर झुलवायची, पहिला, रिव्हर्स, पहिला, रिव्हर्स, दरवेळी थोडी-थोडी जागा करत. हे एएमटीत होत नाही असं नाही, पण प्रत्येक वेळी ब्रेक दाबा, दांडा सरकवा, ती गिअर घेईपर्यंत थांबा, तोवर झोका गेलेला असते.

झुलवताना दोन गोष्टी पाळा. एक म्हणजे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकू नका. पुढच्या गिअरना सिंक्रो रिंग असते, ती गिअरबॉक्समधल्या दोन दातेरी चाकांचा वेग जुळवून मग गिअर बसवते, रिव्हर्सला बहुतेक छोट्या गाड्यांत ती नसतेच, म्हणून तो खर्रर्र आवाज. दुसरी म्हणजे वास. जळाल्यासारखा उग्र वास आला की ती क्लच प्लेट आहे, तिथंच बंद करा, उतरा, पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या. त्या वासात अजून पाच मिनिटं जोर लावला तर वर्षभराची क्लच प्लेट तुम्ही त्या चिखलात ठेवून याल. शेवटी ट्रॅक्टर बोलवावाच लागते कधीकधी, मॅन्युअल असली म्हणून कारचा ट्रॅक्टर होत नाही, पण न्यूट्रलमध्ये टाकून दोर बांधून ओढत न्यायला हिला काही होत नाही.

अन् चप्पल. ही गोष्ट कोणत्या रिव्ह्यूत वाचली नाही म्हणून मुद्दाम लिहितो. चिखलानं भरलेली स्लिपर क्लचवरून सटकते, क्लच एकदम सुटते अन् गाडी उडी मारते, पुढं धुऱ्यावर म्हातारं माणूस बसलेलं असेल तर काय होईल विचार करा. डिक्कीत एक जुने कॅनव्हासचे बूट ठेवा, नाहीतर सरळ अनवाणी चालवा, पण चिखलाच्या स्लिपरवर नको.

चिखलदऱ्याचा घाट मात्र मॅन्युअलवाल्याचा सण आहे. परतवाडा सोडलं की सपाट संपते अन् मेळघाट सुरू होते, वर चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण 1100 मीटर, पावसाळ्यात धुकं एवढं की बोनेट दिसत नाही. चढताना वळणाच्या आधीच दुसरा टाकून ठेवायचा, वळणात मधेच नाही. वळण गेलं की ओढायचं, तिसरा, परत वळण, परत दुसरा. 1200 सीसीची गाडी, चार माणसं, एसी चालू, तरी ती घाबरत नाही फक्त तिला वरच्या गिअरमध्ये उगाच रेटायचं नाही. गाडी थरथरायला लागली म्हणजे ती सांगून रायली की खाली टाक. हे ऐकण्यात जी मजा आहे ना ती मला दुसऱ्या कशात नाही, म्हणजे खिडकी खाली, हाताखाली गिअर, इंजिनाचा आवाज डोंगरावरून परत येते अन् तुम्ही आवाजावरून गिअर टाकता, मीटरकडं बघतसुद्धा नाही.

उतरतानाचं मात्र नीट ऐका, कारण दर पावसाळ्यात घाटाखाली चाकातून धूर निघणाऱ्या गाड्या उभ्या दिसतात. आपल्याकडं अजून लोक उतारावर न्यूट्रल करतात, पेट्रोल वाचते म्हणून. कार्बोरेटरच्या जमान्यात काय होतं ते होतं, आताच्या इंजेक्शनवाल्या गाडीत उलटं आहे. गिअरमध्ये ठेवून एक्सिलेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात, म्हणून कॉम्प्युटर पेट्रोल तोडून टाकतो, थेंबही जात नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःच्या जिवावर चालू ठेवावं लागते म्हणून पेट्रोल जाते. म्हणजे न्यूट्रलवाला पेट्रोलही घालवते अन् ब्रेकही. सतत ब्रेक दाबून ते तापतात, पकड जाते, ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल सरळ खाली बसते. उतारावर बंडीवाला बैलाचा कासरा ढिला सोडत नाही, तसं दुसऱ्यात ठेवायचं, इंजिन गाडीला धरून ठेवते, ब्रेक फक्त वळणाआधी.

घाटातली एकच गोष्ट जिवावर येते, शनिवार-रविवारची लाईन. अमरावती-नागपूरच्या गाड्या वर चढून रायल्या, चढावर सगळं थांबलेलं, अन् मागची गाडी तुमच्या बंपरला चिकटून उभी. माझ्या गाडीत हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी आपोआप धरून ठेवणारी सोय, नाही. मग हँडब्रेक ओढायचा, पहिला टाकायचा, थोडी रेस द्यायची, क्लच इतका सोडायचा की गाडीचं नाक जरासं उचललं जाते, तिथं पाय थांबवायचा अन् मग हँडब्रेक सोडायचा. एक इंच मागं जात नाही. पायावरच्या पायावर, ब्रेकवरून पटकन एक्सिलेटरवर, असं करणारे लोक आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, माझ्यामागं उभे राहू नका.

आमचे एक काकाजी काळी-पिवळी चालवायचे, अंजनगाव-दर्यापूर लाईनवर, जुनी जीप. त्यांना माझ्या गाडीत बसवलं तर म्हणाले, "हे का गिअर हाय का बे? हा तं पोट्ट्याचा खेळ हाय." त्यांच्या जीपमध्ये खालचा गिअर टाकायचा म्हणजे क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस मारा, परत क्लच दाबा, मग टाका, डबल क्लच. नाही केलं तर अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा आवाज. कॅडिलॅकनं सिंक्रोमेश, म्हणजे वर सांगितलेल्या सिंक्रो रिंगवाला गिअरबॉक्स, 1928 मध्ये आणला होता, पण काकाजींच्या जीपपर्यंत तो पोहोचला होता की काळी-पिवळी चालवून-चालवून घासून गेला होता ते देव जाणे. वरून पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून चार माणसं, मधल्या पॅसेंजरचे पाय गिअरच्या दोन्ही बाजूनं, प्रत्येक वेळी दुसरा टाकायचा असला की "सरक ना भाऊ थोडासा". त्या माणसानं तीस-पस्तीस वर्षं असं चालवलं अन् डावा गुडघा आज त्याचा कामातून गेलेला आहे, ते पण लिहायला पाहिजे.

कारण गुडघा हाच मॅन्युअलचा खरा खर्च आहे. डिसेंबर-जानेवारीत बहिरमची जत्रा असते, महिनाभर चालते, हंडीचं मटण अन् रोडगे, विदर्भातला मटण खाणारा माणूस एकदा तरी जातोच. जाताना मजा, पोहोचायच्या आधीच्या दोन किलोमीटरला रडू येते. एक गाडीभर जागा सुटली की पुढं, थांब, परत पुढं. डावा पाय वर-खाली, वर-खाली, पोटरी भरून येते. माझ्या गाडीत क्लचच्या बाजूला पाय टेकवायला जागाच दिलेली नाही, डेड पेडल म्हणतात ते, म्हणून पाय एकतर क्लचवर तरंगत ठेवा नाहीतर गुडघा वाकवून मागं घ्या. तरंगत ठेवला की क्लच थोडा दाबलेला राहते, प्लेट घासते, बेअरिंग घासते. आठवडी बाजाराच्या दिवशी परतवाड्यात सेम, वरून एप्रिल-मेची तपन, चव्वेचाळीस-पंचेचाळीस, एसी फुल्ल, अन् एसी चालू असला की छोटं इंजिन पहिल्यात उचलताना अजून जड जाते, जराशी चूक झाली की बंद पडली अन् मागून हॉर्न.

यावर उपाय एकच, अर्ध्या क्लचवर सरकवणं सोडा. पुढच्या गाडीला जाऊ द्या, दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्या, मग पहिला टाकून क्लच पूर्ण सोडा, पेट्रोल गाडी रेस न देता पाच-सहाच्या स्पीडनं आपली आपण चालते. मधे ऑटोवाला घुसतो, घुसू द्या.

हायवेवर सांगण्यासारखं फार नाही. अमरावती-अकोला रोड एकेकाळी असा होता की लोक रेल्वेनं जायचे, मग 2022 च्या जूनमध्ये तिथं 75 किलोमीटरचं डांबर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीजमध्ये नाव घातलं, आता त्यावर पाचवा टाकला की काढायचं कामच पडत नाही. समृद्धीवर तर नागपूरपासून मुंबईच्या तोंडापर्यंत 701 किलोमीटर, लिमिट 120, तिथं मॅन्युअलचा काय आनंद? डावा पाय अन् डावा हात दोघंही बेरोजगार. उलट पाच गिअरची छोटी गाडी शंभरला तीन हजारांच्या आसपास फिरते, 120 ला साडेतीन हजारांच्या वर, आवाज सतत डोक्यात, सहावा गिअर पाहिजे होता असं वाटते. ज्याचं चालवणं जास्तीत जास्त समृद्धीवरच आहे त्यानं हा रिव्ह्यू इथंच बंद करावा अन् ऑटोमॅटिक घ्यावी.

घरी बायकोपण चालवते. ती जिल्हा परिषद शाळेत मास्तरीण, दिवाळीच्या सुट्टीत त्याच शाळेच्या ग्राउंडवर शिकली. शिकवायची पद्धत लिहून ठेवतो, कोणाच्या तरी कामी पडेल. पहिले दिवस एक्सिलेटरला पायच लावू द्यायचा नाही. फक्त क्लच, पहिला गिअर, अन् क्लच एवढा हळू सोडायचा की गाडी स्वतः चालायला लागली पाहिजे. बंद पडली, परत. बंद पडली, परत. क्लच कुठं पकडते ते पायाला कळलं की बाकी सगळं दोन दिवसाचं काम आहे. लोक उलटं करतात, पहिल्याच दिवशी दोन पायांनी दोन पेडल, इंजिन बोंबलते, गाडी उड्या मारते, बाजूला बसलेला नवरा ओरडते, अन् बाई परत कधी स्टेअरिंगला हात लावत नाही. ती आता माझ्यापेक्षा सुद्धा मऊ गिअर टाकते, हे ती हे वाचणार आहे म्हणून लिहीत नाही, खरंच आहे.

अन् गावात मॅन्युअल येणं का पाहिजे त्याचं खरं कारण हे आहे. रात्री दोन वाजता कोणाला दवाखान्यात न्यायचं असते तेव्हा समोर जी गाडी उभी असेल ती चालवावी लागते, कोणाची बोलेरो, कोणाचा पिकअप, मालक बाहेरगावी, चावी घरी. तिथं "मले फक्त ऑटोमॅटिक येते" म्हणून चालत नाही. फक्त रिव्हर्स कुठं आहे तेवढं आधी बघून घ्या, काहींत पाचव्याच्या खाली असते, काहींत पहिल्याच्या बाजूला अन् दांड्याची रिंग वर ओढावी लागते, अंधारात ते शोधत बसलात तर पेशंट राहते बाजूला.

रिपेअरिंगचं सांगायचं तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट अन् बेअरिंग, पूर्ण सेट मजुरीसकट सहा-सात हजारांत तालुक्याच्या मेकॅनिकनं टाकून दिला, सकाळी दिली, संध्याकाळी आणली. नीट चालवली तर एक सेट सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर आरामात जाते, काहींचा लाखावर जाते, अन् पाय क्लचवर ठेवून चालवणाऱ्याचा तीस हजारांतही संपते. एएमटीत हे सगळं तर आहेच, वरून तो क्लच दाबणारा पंप अन् सेन्सर. ते बिघडलं की तालुक्यातला मेकॅनिक हात वर करते, त्याच्याकडं स्कॅनर नसते, मग गाडी टो करून अमरावती.

बॅटरी बसली तर धक्का स्टार्ट हा अजून एक फायदा, चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून ठेवा, चार पोट्टे मागून ढकला, थोडी स्पीड आली की क्लच झटकन सोडा. पहिल्यात करू नका, झटका फार बसते. पण बॅटरी अगदीच मेली असेल, डॅशबोर्डवर एक लाईटसुद्धा लागत नसेल, तर कितीही ढकला, पेट्रोलचा पंप अन् कॉम्प्युटरला करंट लागते, तो नसला की गाडी नुसती ढकलली जाते अन् पोट्ट्यांना चहा पाजावा लागते तो वेगळा.

तर घ्यायची का? वावर आहे, पांदण आहे, मेळघाटाच्या बाजूला जाणंयेणं आहे, मेकॅनिक तालुक्याचा आहे, तर डोळे झाकून मॅन्युअल. भाऊजींनी मागच्या वर्षी नागपूरहून फोन करून विचारलं होतं तेव्हा मीच त्यांना एएमटी घ्या म्हणून सांगितलं, ते रोज सकाळ-संध्याकाळ सिग्नलवर उभे राहतात, त्यांच्या घरच्या पार्किंगपासून ऑफिसपर्यंत चिखल कुठं आहे? अन् ज्याचा गुडघा आधीच दुखतो त्यानं कोणाच्या बोलण्यात येऊ नये, गिअर टाकता येण्यात काही मर्दानगी नाही.

सेकंडहँड मॅन्युअल बघायला गेलात तर पाच मिनिटं गिअर-क्लचला द्या, लोक नुसता रंग अन् टायर बघतात. क्लच सोडताना पेडल अगदी वर आल्यावरच पकडत असेल तर प्लेट संपत आलेली आहे. चौथ्यात चाळीसला जोरात रेस द्या, आरपीएम वाढून रायला अन् स्पीड वाढत नाही, म्हणजे क्लच घसरते. उभ्या गाडीत क्लच दाबल्यावर आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग, अन् क्लच सोडल्यावर आवाज येते अन् दाबला की थांबते असं असेल तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग, त्याचा खर्च मोठा, हात जोडून निघून या. तिसऱ्यातून दुसरा टाकून बघा, खरखरला तर त्याची सिंक्रो रिंग गेली, सगळ्यात आधी तीच जाते कारण आपल्याकडं दिवसभर तेच दोन गिअर. माझ्या गाडीचा दुसरा आता-आता थोडा अडायला लागला आहे, गिअर ऑइल बदललं तर बराच फरक पडला, पण किती दिवस ते बघू. अन् शेवटी वाकून क्लचच्या पेडलचं रबर बघा. मीटरवर तीस हजार किलोमीटर अन् रबर घासून गुळगुळीत झालेलं असेल तर एकतर मीटर मागं फिरवलं आहे, नाहीतर चालवणारा ट्रॅक्टरवरून थेट कारवर आलेला होता. दोन्हीत भाव पाडूनच मागा.